दुर्बिणीच्या आरशांवर दव साचू नये म्हणून

तारे स्थिर दिसावेत, वारा पडलेला असावा आणि आकाशात ढगाचा मागमूस नसावा, अशी रात्र आकाशनिरीक्षकाच्या वाट्याला मोजक्याच वेळा येते, आणि नेमक्या त्याच रात्री दुर्बिणीवर दव सर्वांत जास्त पडते. यात नशिबाला दोष देण्यासारखे काही नाही. निरभ्र आकाश आणि स्तब्ध हवा या दोन गोष्टी निरीक्षणाला जितक्या उपकारक आहेत, तितक्याच दव पडायलाही अनुकूल आहेत. म्हणून दवाचा बंदोबस्त हा अडचण आल्यावर करायचा उपाय न मानता दुर्बिणीच्या मांडणीचाच एक भाग मानावा, हे बरे.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. न्यूटोनियन दुर्बिणीतून, म्हणजे नळीच्या तळाशी मोठा मुख्य आरसा आणि तोंडाजवळ छोटा दुय्यम आरसा असलेल्या दुर्बिणीतून, एक अंधूक दीर्घिका पाहत असताना ती हळूहळू फिकट होत गेली, तेव्हा पातळ ढग आला असावा असे समजून मी पाऊण तास वाट पाहिली. त्या वेळात फोकस दोनदा बदलला आणि आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, तीनदा. नुसत्या डोळ्यांना आकाश पूर्वीइतकेच स्वच्छ दिसत होते, एवढ्यावरून खरे तर उमगायला हवे होते. शेवटी नळीत टॉर्चचा उजेड टाकला, तेव्हा दुय्यम आरसा तोंडाची वाफ सोडलेल्या काचेसारखा पांढुरका झालेला दिसला; मुख्य आरसा मात्र कोरडा ठणठणीत होता. एकाच नळीतल्या दोन आरशांची गत अशी वेगळी का झाली, याचे उत्तर नीट समजले की निम्मे उपाय आपोआप सुचतात. म्हणून आधी कारण पाहू.

आरसा हवेपेक्षा थंड कसा होतो

हवेत जेवढे बाष्प आहे तेवढे तिला जेमतेम सामावून घेता येईल, असे एक तापमान असते. त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. एखादा पृष्ठभाग या तापमानाच्या खाली गेला की त्याला लागून असलेल्या हवेतील बाष्प त्यावर पाण्याच्या रूपाने जमू लागते. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर दवबिंदू तापमान सुमारे १६.४ अंश येते. आर्द्रता ९० टक्के झाली की ते १८.३ अंशांवर जाते. तोंडी हिशेबासाठी एक सोपा ठोकताळा आहे: आर्द्रता १०० टक्क्यांपेक्षा जितकी कमी असेल, त्यातील दर ५ टक्क्यांमागे दवबिंदू तापमान हवेपेक्षा साधारण एक अंश खाली धरावे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेपर्यंत हा ठोकताळा चांगला चालतो, आणि दवाची काळजी करण्याच्या रात्री ती त्याच्या वरच असते.

आता यातली मुख्य गोष्ट अशी, की हवेचे तापमान दवबिंदू तापमानापेक्षा कमी असूच शकत नाही. म्हणजे जो आरसा हवेच्या तापमानाला आहे, त्यावर दव पडणार नाही. दव पडते याचा अर्थ आरसा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड झाला आहे. हे कसे घडते, याचा उलगडा लंडनमधील डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ साली केला. वजन केलेले लोकरीचे पुंजके त्यांनी रात्रभर उघड्यावर ठेवले, काही फळीच्या वर आणि काही तिच्या खाली, आणि सकाळी पुन्हा वजन केले. फळीखालच्या लोकरीवर दव कितीतरी कमी जमले होते. दव आकाशातून पावसासारखे खाली पडते किंवा जमिनीतून वर येते अशी तोवर समजूत होती. वेल्स यांनी दाखवले, की उघड्या आकाशाकडे उष्णता टाकून वस्तू आधी थंड होतात आणि मग त्यांच्यावर दव धरते.

प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते आणि समोरच्या वस्तूंकडून ती परत मिळवत असते. समोर भिंत, झाड किंवा ढग असेल तर देणे-घेणे जवळपास बरोबरीचे होते. निरभ्र आकाश मात्र फार थोडे परत करते. आकाशाकडे तोंड करून आडवा ठेवलेला, उष्णता चांगली टाकणारा पृष्ठभाग अशा रात्री दर चौरस मीटरला अंदाजे ६० ते १०० वॅट इतकी निव्वळ उष्णता गमावतो. वारा असेल तर हवा ही तूट भरून काढते. वारा पडला की पृष्ठभागाचे तापमान हवेच्या काही अंश खाली सहज उतरते. ढगाळ रात्री दव पडत नाही ते यामुळेच, पण त्या रात्री दुर्बीण घरातच असते.

आरशाला आकाश किती दिसते, हा म्हणून पहिला प्रश्न. नळीत मध्यभागी असलेल्या आणि तिच्या तोंडाकडे पाहणाऱ्या पृष्ठभागासाठी याचे गणित अवघड नाही: नळीच्या त्रिज्येचा वर्ग घ्यावा आणि त्याला, त्रिज्येचा वर्ग अधिक तोंडापर्यंतच्या अंतराचा वर्ग, या बेरजेने भागावे. उघड्यावरच्या पृष्ठभागाच्या मानाने आकाशाचा किती हिस्सा उरला, ते त्यावरून कळते. समजा, नळीचा आतला व्यास २३० मिलिमीटर आहे, मुख्य आरसा तोंडापासून ११०० मिलिमीटर खोल आहे आणि दुय्यम आरसा १८० मिलिमीटर खोल आहे. मुख्य आरशाच्या वाट्याला एक टक्क्याच्या आसपास आकाश येते, तर दुय्यम आरशाच्या जागेवर हा हिस्सा सुमारे २९ टक्के असतो. माझ्या दुर्बिणीतला एक आरसा कोरडा आणि दुसरा ओला का होता, ते या दोन आकड्यांत आले.

दुय्यम आरशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. त्याची चकाकणारी बाजू नळीच्या आत, मुख्य आरशाच्या दिशेने असते; आकाशाकडे असते ती त्याची पाठ. ॲल्युमिनियमचा थर उष्णता फार कमी बाहेर टाकतो, पण उघडी काच आणि रंगवलेला धातू मात्र ती भरपूर टाकतात. म्हणजे आरसा थंड होतो तो मुख्यतः पाठीकडून, आणि दव दिसते ते पुढच्या बाजूवर. काच पातळ आणि लहान असल्यामुळे तिच्यात साठलेली उष्णताही थोडीच असते, ती तासाभरात संपते. मुख्य आरसा जाड असतो, त्याला थंड व्हायला वेळ लागतो, आणि निरीक्षक एरवी ज्याबद्दल तक्रार करतो ती त्याची ऊब इथे त्याच्या कामी येते.

दिवेलागणीलाच अंदाज बांधावा

तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल उपकरण दुर्बिणीच्या उंचीवर, पण दुर्बिणीपासून थोडे दूर टांगून ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने दोन्ही आकडे वहीत टिपावेत. संध्याकाळी २४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता पाहून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. त्याच हवेचे दवबिंदू तापमान पावणेसोळा अंशांच्या जवळ आहे; मध्यरात्री हवा १८ अंशांपर्यंत उतरली, तर बाष्पात काहीही भर न पडता आर्द्रता ८७ टक्के होईल आणि आपल्या हातात जेमतेम सव्वादोन अंशांचे अंतर उरेल. उघडा दुय्यम आरसा हवेच्या खाली तेवढा सहज जातो. माझा नियम असा, की हे अंतर तीन अंशांवर आले की आरशामागचा छोटा विजेचा हीटर (त्याबद्दल पुढे येईलच) चालू करायचा, आरशावर काही दिसण्याची वाट पाहायची नाही. दव पडू न देण्यासाठी लागणारी उष्णता थोडी असते; पडलेले दव वाळवायला तिच्या कितीतरी पट लागते, कारण पाण्याचे बाष्प करण्यातच ती खर्ची पडते.

जागा निवडायला वाव असेल, तर सखल भाग टाळावा, कारण थंड आणि दमट हवा उतारावरून ओघळून तिथे साचते. गवतापेक्षा कोरडी, कठीण जमीन बरी. गवतावरच बसावे लागले तर दुर्बिणीखाली मोठी ताडपत्री अंथरावी. बाजूला झाडांची रांग किंवा भिंत असेल तर आकाशाचा तेवढा भाग झाकला जातो आणि दुर्बिणीचे बाह्यांग कमी गार होते. ज्या दिशेचे आकाश आपल्याला पाहायचेच नाही, ती दिशा अशी अडलेली असलेली उत्तम.

पहिला उपाय: आकाश झाकणे

सर्वांत स्वस्त, विजेविना चालणारा आणि प्रतिमेला कसलीही बाधा न आणणारा उपाय म्हणजे नळीचे तोंड पुढे वाढवणे. याला ड्यू शील्ड म्हणतात. वर घेतलेल्या उदाहरणातील नळीला २५० मिलिमीटर लांबीचे नळकांडे जोडले, तर दुय्यम आरशाच्या जागेवरचा आकाशाचा हिस्सा २९ टक्क्यांवरून सुमारे ७ टक्क्यांवर येतो. एवढ्याने बऱ्याच रात्री प्रश्नच संपतो. सर्वसाधारण नियम म्हणून, दव पडू शकणाऱ्या काचेपासून शील्डच्या तोंडापर्यंतचे अंतर व्यासाच्या दीडपट ते दुप्पट असावे. एकपट ठेवले तर आकाशाचा हिस्सा २० टक्के उरतो, दीडपट ठेवले तर १० टक्के आणि दुप्पट ठेवले तर ६ टक्के. त्यापुढे लांबी वाढवून मिळणारा लाभ किरकोळ आणि वाऱ्याने नळी हलण्याचा त्रास मोठा.

शील्डसाठी धातूचा पत्रा वापरू नये. तो स्वतःच लवकर थंड होतो, आणि आरशाला आकाशाऐवजी थंड पत्रा दिसू लागतो. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, बारीक छिद्रांचा काळा फोम सर्वांत सोयीचा असतो: तो वजनाने हलका आहे, उष्णता वाहू देत नाही, आणि गुंडाळून पिशवीत ठेवता येतो. नळीच्या बाहेरच्या परिघापेक्षा चार-पाच सेंटिमीटर जास्त लांब तुकडा कापावा, म्हणजे कडा एकमेकींवर येतील, आणि त्या वेल्क्रोच्या पट्टीने जोडाव्यात. आतल्या बाजूला काळे, निस्तेज फेल्ट चिकटवले तर आजूबाजूच्या दिव्यांचा भरकटलेला प्रकाशही शोषला जातो. शिवाय फेल्ट थोडा ओलावा स्वतःकडे घेते. शील्ड नळीवर किमान सात-आठ सेंटिमीटर चढलेले असावे, नाहीतर नळी खाली झुकली की ते वाकते आणि दृश्यक्षेत्रात येते. आतला व्यास नळीच्या तोंडापेक्षा काही मिलिमीटर मोठाच ठेवावा. दृश्यक्षेत्र एक अंशाचे असेल तर ४३० मिलिमीटर अंतरावर प्रत्येक बाजूला चारेक मिलिमीटर जास्त जागा लागते.

नळीच्या बाहेरच्या रंगाबद्दल एक गैरसमज आढळतो. पांढरी नळी काळ्या नळीपेक्षा रात्री कमी गार होईल असे वाटते, पण अवरक्त किरणांच्या दृष्टीने दोन्ही रंग जवळपास सारखेच असतात आणि दोन्ही सारखीच उष्णता टाकतात. चकचकीत ॲल्युमिनियमची चिकटपट्टी मात्र खरोखर वेगळी वागते. नळीच्या बाहेरून ती गुंडाळली तर नळी हवेच्या तापमानाजवळ राहते. दुर्बीण स्वयंपाकघरातल्या डब्यासारखी दिसते हे खरे, पण अंधारात ते कोणाला दिसत नाही.

ट्रस प्रकारच्या मोठ्या डॉब्सोनियन दुर्बिणींमध्ये (म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या न्यूटोनियन दुर्बिणींमध्ये) नळीच नसते, केवळ दांडे असतात. त्यामुळे मुख्य आरशाला मिळणारे नळीचे संरक्षण जाते, आणि निरीक्षकाच्या अंगाची ऊब व श्वासातले बाष्प थेट प्रकाशाच्या वाटेत येते. अशा दुर्बिणीला दांड्यांवरून चढवायचे ताणणाऱ्या काळ्या कापडाचे आच्छादन शिवून घेणे अत्यावश्यक आहे. कापड सैल राहून आत झुकू नये, यासाठी मधोमध एक हलके कडे बसवावे.

निरीक्षणाच्या मधल्या विश्रांतीत नळी खस्वस्तिकाकडे, म्हणजे थेट डोक्यावर, रोखून ठेवण्याची सवय सोडावी. नळी आडवी केली, की तिला निम्मे आकाश आणि निम्मी जमीन दिसते, शिवाय क्षितिजाजवळचे आकाश डोक्यावरच्या आकाशापेक्षा उष्णता जास्त परत करते. चहा घ्यायला दहा मिनिटे उठायचे असेल, तरी झाकण लावून जावे.

दुसरा उपाय: हवा हलती ठेवणे

मुख्य आरशामागे बसवलेला छोटा पंखा बहुतेकांना आरसा लवकर थंड करण्यासाठी माहीत असतो. उत्तररात्री तोच पंखा उलट काम करतो: आरसा हवेच्या खाली जाऊ लागला, की हलती हवा त्याला पुन्हा हवेच्या तापमानाला आणते, आणि हवेच्या तापमानाला असलेल्या आरशावर दव धरत नाही हे आपण पाहिलेच. यासाठी संगणकात वापरतात तसा ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा पुरतो. तो ७ ते ९ व्होल्टवर, सावकाश चालवावा आणि स्क्रूने घट्ट न बसवता रबरी पट्ट्यांवर टांगावा, म्हणजे त्याची थरथर प्रतिमेत उतरत नाही. आरशावरून अशी मंद हवा वाहत राहिल्याने आरशाच्या पृष्ठभागावर साचणारा उबदार हवेचा थरही विस्कटतो, आणि ग्रहांच्या निरीक्षणात हा लाभ दव टाळण्याइतकाच मोलाचा ठरतो.

दोन प्रसंगी मात्र पंखा नको. धुके उतरले असेल, म्हणजे हवेत पाण्याचे बारीक थेंबच तरंगत असतील, तर पंखा ते थेंब ओढून आरशावर आणून सोडतो. आणि दुर्बीण वातानुकूलित किंवा थंड खोलीतून उबदार, दमट हवेत नुकतीच आणली असेल, तर पंखा त्या थंड काचेवर दमट हवेचा मारा करतो आणि अख्खा मुख्य आरसा मिनिटभरात पांढरा पडतो. दुसऱ्या प्रसंगी झाकणे न काढता दुर्बीण बाहेर ठेवावी आणि आरसा हवेच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे जाडीनुसार एक ते दोन तास, थांबावे. मुळात दुर्बीण थंड खोलीत ठेवूच नये. कोरड्या, बंद पण बाहेरच्या तापमानाच्या जवळ राहणाऱ्या जागेत ठेवावी.

तिसरा उपाय: उष्णता, पण मोजून

हीटर हा उपाय मी मुद्दाम तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण तो एकटाच असा आहे ज्याने प्रतिमा बिघडू शकते. आरसा हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम झाला, की त्यावरून उबदार हवेचे झोत उठतात आणि ताऱ्याची प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी थरथरते. आपल्याला आरसा हवेइतका किंवा तिच्यापेक्षा अर्धा-एक अंश उबदार ठेवायचा आहे. त्यासाठी लागणारी ऊर्जा किती लहान आहे, याची कल्पना आकड्यांवरून येते. ५० मिलिमीटर व्यासाच्या दुय्यम आरशाचे क्षेत्रफळ सुमारे ०.००२ चौरस मीटर. दर चौरस मीटरला १०० वॅट गमावले तरी तोटा ०.२ वॅट. आरसा धरणाऱ्या आधारपट्ट्यांतून वाहून जाणारी आणि हवेत उडून जाणारी उष्णता धरली, तरी एक-दोन वॅटचा हीटर भरपूर होतो.

तो घरी करणे अवघड नाही. ४७० ओहमचे, अर्ध्या वॅट क्षमतेचे सहा रोधक (रेझिस्टर) घेऊन ते दोन तांब्याच्या तारांमध्ये समांतर जोडावेत, म्हणजे शिडीच्या पायऱ्यांसारखे. १२ व्होल्टवर प्रत्येक रोधक सुमारे ०.३१ वॅट उष्णता देतो, सहा मिळून १.८ वॅटच्या थोडे वर, विद्युतप्रवाह ०.१५ ॲम्पिअर. बॅटरी चार्जरला जोडलेली असून व्होल्टेज १३.८ पर्यंत गेले, तरी प्रत्येक रोधकावर ०.४ वॅटच येतात, म्हणजे तो आपल्या मर्यादेत राहतो. कमी ओहमचे रोधक वापरताना हा हिशेब आधी करावा. ३३० ओहमचा रोधक १३.८ व्होल्टवर ०.५८ वॅट देतो आणि अर्ध्या वॅटची मर्यादा ओलांडतो.

रोधकांची ही माळ आरशाच्या पाठीवर, कडेच्या थोडी आत, वर्तुळाकार बसवावी. चिकटवण्यासाठी सिलिकोन वापरावे, पण सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार घेऊ नये. त्यातून सुटणारे ॲसिटिक आम्ल तांब्याच्या तारांना आणि आरशाच्या ॲल्युमिनियमच्या थरालाही घातक असते. वास नसलेला, न्यूट्रल म्हणून विकला जाणारा प्रकार घ्यावा, आणि चिकटवलेला आरसा नळीत बसवण्यापूर्वी दोन दिवस उघडा ठेवावा. एपॉक्सीसारखा कडक गोंद टाळावा, कारण काच आणि गोंद वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि आरशावर ताण येऊन त्याचा आकार किंचित बदलतो. किंचित म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीचा काही भाग, पण दुर्बिणीत तेवढाच हिशेबाचा असतो. रोधकांवर फोमची चकती बसवून पाठ झाकावी. काही वेळा ही चकतीच, हीटर न लावताही, दव अडवायला पुरेशी होते, म्हणून ती आधी लावून पाहावी आणि मग तारांच्या भानगडीत पडावे.

विजेच्या दोन तारा आरसा धरणाऱ्या पातळ आधारपट्टीच्या कडेने, तिच्या सावलीत राहतील अशा न्याव्यात. इनॅमल चढवलेली बारीक तांब्याची तार पट्टीच्या मागे चिकटवली, तर तेजस्वी ताऱ्याभोवती नवे किरण उमटत नाहीत. बॅटरीपाशी एक ॲम्पिअरचा फ्यूज न चुकता घालावा; ओल्या गवतात, अंधारात, बॅटरीवर शॉर्ट झालेली तार कोणाच्या लक्षात येत नाही.

हीटर सतत पूर्ण ताकदीवर चालवण्याची गरज क्वचितच पडते. त्यासाठी पल्स विड्थ मॉड्युलेशन प्रकारचा नियंत्रक लावतात; तो प्रवाह झटपट चालू-बंद करून सरासरी शक्ती कमी-जास्त करतो. सुरुवात तीस टक्क्यांवर करावी, आणि आरसा कोरडा राहत असेल तर त्यात हात घालू नये. असा नियंत्रक आणि कॅमेरा एकाच तारेवरून चालवले, तर चालू-बंद होण्याचा विद्युत गोंगाट छायाचित्रात पट्ट्यांच्या रूपाने उमटू शकतो. म्हणून कॅमेऱ्याला वेगळी बॅटरी द्यावी. वर सांगितलेला हीटर अर्ध्या शक्तीवर आणि एक वॅटचा पंखा असे मिळून जेमतेम दोन वॅट लागतात. दहा तासांत वीस वॅट-तास झाले. १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत ८४ वॅट-तास असतात आणि तिच्या प्रकृतीसाठी त्यातले निम्मेच वापरावेत असे धरले, तरी रात्र निघून जाते.

मुख्य आरशाला मागून हीटर लावण्याचा मोह टाळावा. जाड काचेतून उष्णता पुढे यायला वेळ लागतो, तोपर्यंत मागची बाजू आणि पुढची बाजू यांच्या तापमानात फरक पडून आरशाचा वक्र बिघडतो. तिथे आच्छादन आणि पंखा यांवरच भिस्त ठेवावी.

श्मिट-कॅसेग्रेन आणि माक्सुतोव्ह दुर्बिणींत दोन्ही आरसे बंद नळीत असतात, आणि दवाचा सगळा मारा तोंडावरच्या काचेला सोसावा लागतो. ही काच आकाशाला जवळपास पूर्ण उघडी असते, त्यामुळे शील्डविना ती तासाभरातही ओली होऊ शकते. इथे शील्ड तर हवेच, शिवाय काचेच्या कडेला लागून नळीभोवती हीटरची पट्टी गुंडाळावी. २०० मिलिमीटरच्या काचेसाठी परिघावर दर २५ मिलिमीटरला एक, असे ४७० ओहमचे २५ रोधक लावले तर पूर्ण शक्तीवर साडेसात वॅटच्या थोडे वर मिळतात. शील्ड लावलेले असताना निम्मी शक्ती बहुधा पुरते. पट्टीच्या बाहेरून फोम गुंडाळावा, नाहीतर निम्मी उष्णता बाहेरच्या हवेला जाते.

फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि आयपीस यांच्याकडे दुर्लक्ष होते, आणि रात्र अनेकदा त्यांच्यामुळेच वाया जाते. न वापरलेले आयपीस खिशात किंवा बंद डब्यात ठेवावेत. खिशातून काढलेला आयपीस फार गरम असेल तर पहिली दोन मिनिटे प्रतिमा हलते, एवढेच. थंडीत डोळा लावताना श्वास खाली, छातीकडे सोडण्याची सवय करावी. फाइंडरला पुठ्ठ्याचे का होईना, छोटे शील्ड लावावे.

दव पडलेच तर

आरशावर दव धरत असल्याची पहिली खूण म्हणजे तेजस्वी ताऱ्याभोवती दिसणारे मंद वलय. त्यानंतर पार्श्वभूमी राखाडी होते आणि अंधूक तारे दिसेनासे होतात. शंका आली की लाल टॉर्च नळीच्या तोंडातून तिरका धरून दुय्यम आरसा पाहावा, पण तोंड नळीच्या आत घालून नव्हे, कारण श्वासानेच तो ओला होईल.

ओला आरसा कशानेही पुसू नये. कापूस, मऊ कापड, चष्म्याचा रुमाल, काहीच नको. दवाच्या थेंबांत हवेतली धूळ येऊन बसलेली असते, आणि पुसताना तीच धूळ ॲल्युमिनियमच्या थरावर चरे पाडते. केस वाळवण्याचा ड्रायर सर्वांत मंद उष्णतेवर, हातभर अंतरावरून, सतत हलवत वापरावा, आणि झोत आरशाच्या पाठीवर किंवा कडेवर ठेवावा. काच कोरडी झाल्याबरोबर थांबावे. त्यानंतर प्रतिमा स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यात शील्ड आणि हीटर लावून घ्यावेत, नाहीतर आरसा पुन्हा ओला होईल आणि हेच चक्र रात्रभर चालेल. बाहेरचे सगळे, म्हणजे शील्ड, नळी, टेबल, पाण्याने निथळत असेल आणि आर्द्रतेचा आकडा १०० च्या आसपास टेकला असेल, तर हट्ट न करता आवरते घ्यावे, हे माझे मत.

आवरतानाची पद्धत दुर्बीण ओली आहे की कोरडी यावर अवलंबून असते. आरसे कोरडे असतील आणि घर बाहेरपेक्षा उबदार असेल, तर झाकणे बाहेरच लावावीत, दुर्बीण पेटीत किंवा मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावी, आणि घरात आणल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. म्हणजे घरातल्या हवेतले बाष्प पिशवीवर जमते, आरशावर नाही. आरसे ओले असतील तर नेमके उलट करावे. ओल्या आरशावर झाकण लावून पेटी बंद केली, तर ते पाणी आठवडाभर आतच राहते, थरावर डाग पडतात आणि काचेवर बुरशीही धरू शकते. म्हणून दुर्बीण आत आणून सर्व झाकणे काढावीत, नळी आडवी, तोंड किंचित खाली झुकलेले ठेवावे, म्हणजे वाळताना धूळ आरशावर बसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच राहू द्यावी. झाकण लावण्यापूर्वी शील्डच्या आतल्या फेल्टला हात लावून पाहावा. आरसे वाळल्यानंतरही ते बराच वेळ ओलसर राहते, आणि ते तसेच नळीवर चढवून ठेवले तर रात्रभर शोषलेला ओलावा आतच सोडते.